लक्झरी एसयूव्ही : ब्रेकचं पेडल कडक होतं, स्क्रीन काळी पडते, आणि सर्व्हिसवाले म्हणतात 'फॉल्ट नाही'

दालमिल_जळगाव
रामराम मंडळी. जरा लांबण लागेल, पण वाचा.

मागच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या फर्मने एक लक्झरी एसयूव्ही घेतली. ऑन रोड सत्तर लाखांच्या पुढे. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, उगाच धागा उडायचा. शोरूम आपल्याकडे नाही हे सगळ्यांना माहीत आहे. जळगाववाल्याने नाशिक गाठायचं, नाहीतर संभाजीनगर, नाहीतर थेट इंदूर.

त्रास असा. पाळधी सोडून एरंडोलकडे चाललो होतो, मागच्या सीटवर आई आणि थोरल्या वहिनी. वेग ऐंशीच्या आसपास. आधी मधली मोठी स्क्रीन काळी पडली. मग माझ्यासमोर एकामागून एक दिवे लागत गेले : ब्रेक असिस्ट, एबीएस, ट्रॅक्शन, सगळेच. पुढे केळीचा ट्रक होता म्हणून ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल कडक, खालीच जाईना. ब्रेक अजिबात लागत नव्हता असं नाही, पण नेहमीच्या जोराने काही होत नव्हतं. सीटला पाठ रोवून, जवळजवळ उभं राहून दाबलं तेव्हा गाडी कडेला आली. बंद केली, थोड्या वेळाने चालू केली, तर सगळं ठणठणीत. जणू काही घडलंच नाही.

सर्व्हिस सेंटरला नेली. 'स्कॅनर लावला, फॉल्ट मिळत नाही, सॉफ्टवेअर अपडेट केलंय.' जॉब कार्डावर काय लिहिलं? 'जनरल चेकअप'. पुढे कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे येताना पुन्हा तोच प्रकार. पुन्हा तेच उत्तर. आता आई त्या गाडीत बसायला तयार नाही, ती धाकट्या भावाच्या जुन्या हॅचबॅकमधून अमळनेरला जाते.

विचारायचं ते हे : आणखी कुणाला असा अनुभव आहे का? आणि 'फॉल्ट नाही' म्हणणाऱ्याकडून लेखी काय आणि कसं घ्यायचं?

शेवभाजी_स्पेशल
इतला पैसा देईसन बी जीव मुठीत धरना पडस का भो? 😀

स्टेपनी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अशा दहा तक्रारींतल्या निम्म्या तक्रारी ड्रायव्हरच्या असतात. पेडल कडक झालं की पाय दुसऱ्या पेडलवर होता? १९८६ मध्ये अमेरिकेत ऑडी ५००० वर असाच गदारोळ झाला होता, गाडी आपोआप पळते म्हणून. टीव्हीवर कार्यक्रम झाला, विक्री कोसळली. १९८९ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेचा अहवाल आला तेव्हा बहुतेक प्रकरणांत लोक ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबत होते असं निघालं. ब्रेक दाबल्याशिवाय 'पी'मधून गिअर निघत नाही, ही पद्धत त्या काळानंतरच सगळीकडे रुळली.

दालमिल_जळगाव
@स्टेपनी, गाडी पळाली असं मी कुठे म्हटलं? थांबत नव्हती असं म्हटलं. आणि स्क्रीन काळी पडायला मी कुठलं पेडल दाबलं असेन?

सर्किट_भुसावळ
स्टेपनीभाऊंनी अर्धीच गोष्ट सांगितली. दुसरी अर्धी मी सांगतो. २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्यांबद्दल असाच आरडाओरडा झाला. पायपुसणं पेडलवर अडकणं आणि पेडल परत वर न येणं, ही दोन कारणं सापडली. इलेक्ट्रॉनिक्सची तपासणी नासाच्या इंजिनिअरांकडून करून घेतली, त्यात दोष मिळाला नाही. पण कंपनीने माहिती दडवली म्हणून २०१४ मध्ये अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर मोजावे लागले. म्हणजे ड्रायव्हरही चुकतो आणि कंपनीही लपवते. कुठल्या गाडीत काय झालं ते त्या गाडीतल्या नोंदींवरून ठरवायचं, 'निम्म्या तक्रारी' असं म्हणून नव्हे.

आता मुद्द्याचं. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, कंपनीत नाही, स्वतःचं दुकान आहे. बऱ्याच नवीन गाड्यांत ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालत नाही, मोटरवर चालतो. त्याला वीज मिळाली नाही, किंवा बाकीच्या कंट्रोलरांशी त्याचं बोलणं तुटलं, की मदत जाते. ब्रेकचं तेल आणि पाइप जागेवर असतात, म्हणून गाडी थांबते, पण सगळा जोर तुमच्या पायाचा. भाऊंनी जे वर्णन केलंय ते तंतोतंत हेच आहे.

एकाच वेळी स्क्रीन काळी आणि सगळे दिवे चालू, याचा अर्थ पाच भाग एकदम बिघडले असा क्वचितच असतो. बहुतेक वेळा व्होल्टेज पडलेलं असतं. बारा व्होल्टची बॅटरी, तिचं अर्थिंग, एखादं ढिलं कनेक्शन. आपल्या उन्हात बॅटरी लवकर मान टाकते, हे दुचाकीवाल्यालाही माहीत आहे. आणि ग्राहक हसतात, पण उंदीरही बघा. शेतावर, गोदामात, दालमिलच्या आवारात गाडी उभी राहते तिथे वायरिंग कुरतडलेलं मी नेहमी बघतो.

एक सांगा, बाहेरून काही बसवलंय का? डॅशकॅम, एलईडी बार, ॲम्प्लिफायर?

दालमिल_जळगाव
डॅशकॅम आहे, तोही शोरूमनेच बसवून दिलेला. बाकी काही नाही. उंदराचं बघतो, गोदाम आहेच.

केळीबाग_रावेर
आमच्या गाडीचं उलटं आहे. ती थांबायचं नाव सोडत नाही! सावद्याच्या पुढे बाजूच्या शिवरस्त्यावरून ट्रॅक्टर-ट्रॉली नुसती दिसली की स्वतःहून करकचून ब्रेक मारते. मागे येणारा आयशरवाला काय म्हणाला ते इथे लिहिता येत नाही. एकदा तर रिकाम्या रस्त्यावर, पुलाच्या लोखंडी कठड्याला घाबरली. बायको म्हणते, गाडी आपल्यापेक्षा समजूतदार आहे. मी म्हणतो, भित्री आहे.

सर्किट_भुसावळ
@केळीबाग, ते ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग. पुढे रडार असतं, बऱ्याच गाड्यांत लोगोच्या मागे किंवा बंपरच्या जाळीत, आणि काचेच्या वरच्या बाजूला कॅमेरा. दोघं मिळून ठरवतात. त्यांना शिकवलेल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी लोंबणारी चाऱ्याची ट्रॉली बहुधा नसावी. सेटिंगमध्ये इशारा लवकर-मध्यम-उशिरा असा पर्याय असतो, तो बघा. रडारच्या तोंडावर धूळ-चिखल साचू देऊ नका, आणि समोर फॅन्सी नंबरप्लेटची फ्रेम किंवा लिंबू-मिरची टांगली असेल तर काढा.

केळीबाग_रावेर
लिंबू-मिरची काढायची?? सासूबाईंना तुम्ही सांगा.

निवृत्त_एसटी
मी धुळे विभागात एसटी चालवली. मला रडार-बिडार कळत नाही, घाट कळतो. दालमिलभाऊ, औट्रम घाट तुम्ही कुठल्या गिअरमध्ये उतरलात? आजकालची मंडळी 'डी'वर टाकून ब्रेक चेपत-चेपत उतरतात. मोठी एसयूव्ही दोन टनांच्या पुढे जाते. ब्रेक तापले की त्यांची पकड जाते, मग ती लाखाची असो की सत्तर लाखांची. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ऑटोमॅटिकमध्येही मॅन्युअल मोड असतो, स्टिअरिंगमागे पाकळ्या असतात, त्या शोभेच्या नाहीत.

२०२३ च्या जुलैत बिजासन घाट उतरून आलेला कंटेनर पळासनेरला हॉटेलात घुसला होता, किमान १० माणसं गेली. तेव्हा ब्रेक फेल झाल्याचंच सांगितलं गेलं. गाडी जड आणि उतार लांब असेल तर इंजिनाला कामाला लावावं लागतं.

दालमिल_जळगाव
काका, बरोबर आहे, पण पाळधी-एरंडोलला घाट कुठे आहे? तिथे तर सरळ सपाट रस्ता. आणि ब्रेक तापल्यावर पेडल कडक होतं की मऊ?

निवृत्त_एसटी
तेल उकळलं तर मऊ पडतं, खाली जातं. नुसते लायनर तापले तर पेडल वर राहतं पण गाडी धरत नाही. तुमचं दिवे लागून, स्क्रीन जाऊन झालंय, म्हणजे ते पोराचं (सर्किट) म्हणणं मला पटतं. मी आपलं घाटाबद्दल बोललो.

इंदूरकर_जावई
पेडल कडक झालं तर करायचं काय, ते कुणीतरी लिहा ना. बायको रोज धुळ्याहून शिरपूरला जाते.

सर्किट_भुसावळ
पाय उचलून पुन्हा पुन्हा पंप करू नका, एकदाच पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबून धरा. दोन्ही पाय लावायला लागले तर लावा. चालत्या गाडीत इंजिन बंद करू नका. बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचं बटण ओढून धरून ठेवलं की गाडी चाकांना क्रमाने ब्रेक लावत थांबते. नुसतं एकदा ओढून सोडलं तर काही होत नाही. तुमच्या गाडीत ते कसं आहे ते मॅन्युअलमध्ये वाचून ठेवा, वेळेवर वाचायला कुणी देत नाही.

खापरपोळी
मी जळगावात भूलतज्ज्ञ आहे, अपघाताचे पेशंट टेबलावर बघते. धाग्यात एक गोष्ट कुणीच विचारली नाही : मागे बसलेल्या आईंनी आणि वहिनींनी बेल्ट लावला होता का?

हा टोमणा नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ती गाडी आलिशान होती, नावाजलेली होती. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, दोघेही गेले. तेव्हा महिनाभर सगळे बोलत होते. आता आपल्याकडे लग्नाच्या गाड्यांत मागे चौघी, मांडीवर पोरगं आणि सनरूफमधून वर उभी दुसरी दोन पोरं. मागे बेल्ट न लावल्यास १००० रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा. तुमचं ब्रेक असिस्ट भलत्या वेळी चाललं आणि गाडी करकचून थांबली, तर मागचा माणूस पुढच्या सीटवर आपटतो आणि पुढच्यालाही घेऊन जातो.

आणि ते जाड लेदरचे सीट कव्हर! बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेत असते. वरून शिवलेलं कव्हर चढवलं की ती उघडायची कुठून? माझ्या दिरांनी नव्या गाडीला शोरूमच्या बाहेरच कव्हर शिवून घेतलं, मी उसवायला लावलं. अजून बोलत नाहीत माझ्याशी.

अमळनेरी
ताई, कव्हर उसवलं की दीर?

खापरपोळी
दोन्ही 😀

निवृत्त_एसटी
बुलगार्डचंही लिहा कुणीतरी. बंपर मऊ असतो तो मुद्दाम, धक्का खाण्यासाठी. पुढे लोखंडी पाइप लावला की धक्का थेट चासीला. केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच ते बेकायदा म्हणून कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. आपल्या जिल्ह्यात पुढाऱ्यांच्या गाड्या बघा म्हणजे कळेल काय झालं त्या पत्राचं.

पांझरा_वकील
उशिरा आलो. धुळ्यात वकिली करतो. मूळ प्रश्न 'लेखी काय घ्यायचं' हा होता, त्यावर कुणी बोललं नाही, म्हणून क्रमाने न लिहिता महत्त्वाचं आधी लिहितो.

'जनरल चेकअप' लिहिलेल्या जॉब कार्डावर सही करू नका. तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या : 'चालत्या गाडीत पेडल कडक झालं, स्क्रीन बंद, अमुक ठिकाणी, ओडोमीटर अमुक.' ॲडव्हायझर म्हणेल की सिस्टिममध्ये तो पर्याय नाही. मग त्याच वेळी, तिथेच उभं राहून, कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल टाका आणि त्याची प्रत ॲडव्हायझरला. पुढे सगळा खेळ तारखांचा असतो. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि 'आम्ही तोंडी सांगितलं होतं' हे कुणी ऐकत नाही.

कुठे जायचं? मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. म्हणजे तुमचं प्रकरण जळगावात नाही, राज्य आयोगापुढे. 'फर्मच्या नावावर गाडी, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही' हा कंपन्यांचा आवडता बचाव. पण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी तेवढ्यावरून व्यापारी हेतूची ठरत नाही, नफ्याच्या कामाशी थेट संबंध दाखवावा लागतो.

आणि २०२२ चा एक निकाल लक्षात ठेवा. क्रेटा गाडीच्या एअरबॅग उघडल्या नव्हत्या. कंपनी म्हणाली, उघडण्याइतकी जोराची टक्करच नव्हती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ग्राहक काही वेग आणि बलाचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ नसतो. सुरक्षिततेचं साधन म्हणून विकलंय तर ते चाललं पाहिजे.

स्टेपनी
वकीलसाहेब, कोर्टात जायला दोन वर्षं, निकालाला दहा. तोवर गाडी भंगारात. विकून टाका आणि मोकळे व्हा.

खापरपोळी
म्हणजे तो ब्रेक दुसऱ्या कुणाच्या आईला द्यायचा?

स्टेपनी
...

शहादेकर
विकून टाकण्यावरून माझी गोष्ट सांगतो, कारण विकलेल्या गाड्या शेवटी आमच्याकडेच येतात.

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली होती. तिथल्या मोठमोठ्या एसयूव्ही मातीमोल भावात निघाल्या आणि एनओसी घेऊन शहादा, दोंडाईचा, शिरपूरला आल्या. एमएच ३९ ची पाटी लागली की झालं, गावात रुबाब. मीही तशीच एक घेतली. गाडी दिसायला चकाचक. पण रिकॉलची, म्हणजे दोष निघाला म्हणून गाडी परत बोलावण्याची, पत्रं कंपनी कुणाला पाठवते? तिच्याकडे ज्याचा पत्ता असतो त्याला. म्हणजे दिल्लीच्या पहिल्या मालकाला. आम्हाला कोण सांगणार?

कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकला, तेव्हा कळलं की एअरबॅगच्या इन्फ्लेटरचा (ती फुगवणाऱ्या भागाचा) रिकॉल होता आणि त्या गाडीवर तो कधी झालाच नाही. इंदूरला नेली, फुकट बदलून मिळाला. वय झालेल्या गाडीलाही बदलून देतात, फक्त विचारायला गेलं पाहिजे.

सर्किट_भुसावळ
शहादेकरांनी सांगितलंय ते गंभीर आहे. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवा, जगातला सगळ्यात मोठा रिकॉल. त्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता, दमट हवा आणि तापमानाचे चढउतार सोसून ते बिघडायचं, आणि एअरबॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. उघड्यावर, पंचेचाळीस अंशांत उभी राहिलेली आपली गाडी आणि जुनी एअरबॅग, हे डोक्यात असू द्या.

गिरणाथडी
मग टायरचंही बोला. समृद्धीवर एकशे वीसने जाणारे लोक टायरची तारीख बघत नाहीत. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. २००० साली अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररच्या फायरस्टोन टायरचा वरचा थर निघून यायचा, एसयूव्ही उंच असल्याने पलटी. ६५ लाख टायर परत मागवले. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा गरम भागांत प्रकार जास्त होते, आणि हवा कमी ठेवायची शिफारस होती हाही वादाचा मुद्दा झाला. 'उन्हाळ्यात हवा कमी भर' असं आपले पंक्चरवाले सांगतात ना, ते ऐकू नका. कमी हवेने टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. दाराच्या खांबावर आकडा लिहिलेला असतो, तोच, तोही टायर थंड असताना.

शेवभाजी_स्पेशल
हाई वाचीसन मी ते बैलगाडीच लेस. तिले ना स्क्रीन, ना रिकॉल.

केळीबाग_रावेर
बैल एकदा बिथरला की कळेल. त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करून दाखव.

अमळनेरी
माझ्या चुलतभावाकडच्या गाडीत गिअरची गोल चकती आहे. 'पी'मध्ये गेली असं वाटतं, उतरतो, गाडी आपली हळूच निघते. एकदा मंगळग्रह मंदिराच्या पार्किंगमध्ये प्रसादाच्या स्टॉलपर्यंत गेली. सगळे हसले.

सर्किट_भुसावळ
हसण्यावारी नेऊ नका. गिअर टाकल्यावर दांडी पुन्हा मधेच येते, म्हणून कुठला गिअर पडला ते हाताला कळत नाही, या कारणाने २०१६ मध्ये ग्रँड चेरोकीसह ११ लाख गाड्यांचा रिकॉल निघाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन नावाचा तरुण नट स्वतःच्या घराच्या उतारावर अशीच गाडी घरंगळून तिच्या आणि फाटकाच्या खांबाच्या मध्ये चिरडून गेला. भावाला सांगा, हँडब्रेक लावून, डिस्प्लेवर 'पी' डोळ्यांनी वाचून मगच दार उघडायचं. आणि तक्रार लेखी द्या.

अमळनेरी
बापरे. सांगतो आजच.

पांझरा_वकील
रिकॉलवर एक राहिलं होतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीचा मालक 'वाहन' पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवू शकतो. त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी आल्या की सरकार तपासणी लावू शकतं. त्याआधी, २०१२ पासून, फक्त सियामची (वाहन कंपन्यांच्या संघटनेची) ऐच्छिक संहिता होती, कंपनीला वाटलं तर बोलावणार. म्हणून म्हणतो, दालमिलभाऊ, तुमच्यासारखे जे असतील त्यांनी प्रत्येकाने पोर्टलवर नोंदवा. इथे नुसतं लिहिल्याने कुणाच्या मोजणीत येत नाही.

इंदूरकर_जावई
पण गाडीला पाच तारे आहेत ना? मग असं कसं?

सर्किट_भुसावळ
तारे धडकेचे असतात. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, समोरून ६४ च्या वेगाने, बाजूने ५० ने गाडी आदळवतात आणि आतल्या पुतळ्यांना किती मार बसला ते बघतात. तेही ऐच्छिक, कंपनीने गाडी पाठवली तर. तीन वर्षांनी एखादं कनेक्शन ढिलं होईल का, उन्हात बॅटरी किती टिकेल, हे तिथे कुणी तपासत नाही.

दालमिल_जळगाव
मंडळी, बऱ्याच दिवसांनी आलो. बरंच घडलं.

सर्किटभाऊंनी सांगितलं तसं आधी बाहेर पूर्ण स्कॅन करून प्रिंट घेतली. तिच्यात जुन्या नोंदी होत्या : बूस्टरशी संपर्क तुटल्याचा कोड, व्होल्टेज कमी असल्याचा कोड, आणि दोन्हींपुढे त्या वेळचा ओडोमीटर. एरंडोलचा आकडा आणि घाटातला आकडा, दोन्ही माझ्या डायरीशी जुळले. उंदीर निर्दोष सुटला.

ती प्रिंट जोडून कंपनीला ईमेल केला, वकीलसाहेबांनी सांगितलेल्या भाषेत. मग मात्र चित्र पालटलं. गाडी उचलून न्यायला फ्लॅटबेड ट्रक जळगावात आला, पैसे मागितले नाहीत. वरचा माणूस फोनवर 'सर सर' करत होता. बॅटरीची अर्थिंगची पट्टी आणि बूस्टरचं मॉड्यूल, दोन्ही बदलले. बिलावर 'गुडविल' लिहिलंय, 'दोष' हा शब्द कुठेही नाही. आणि गाडी देताना एक कागद पुढे केला : 'ग्राहकाचं पूर्ण समाधान झालं असून यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही.' सही केल्याशिवाय किल्ली मिळणार नाही म्हणाले.

पांझरा_वकील
केली का?

दालमिल_जळगाव
नाही. 'गाडी मिळाली, तक्रारीचा हक्क राखून' एवढं स्वतःच्या हाताने खाली लिहिलं आणि त्यावर सही केली. तासभर बसवून ठेवलं, चहा दोनदा आला, मग किल्ली दिली. काढलेले जुने भाग मागितले, ते 'कंपनीकडे पाठवायचे असतात' म्हणून दिले नाहीत.

पांझरा_वकील
छान केलंत. जुन्या भागांचे पार्ट नंबर आणि ते काढून घेतल्याची नोंद ईमेलवर मागा. उद्या प्रकरण आयोगापुढे गेलं आणि भाग प्रयोगशाळेत तपासायची वेळ आली, तर ते त्यांच्याकडे होते हे कागदावर पाहिजे.

स्टेपनी
दालमिलभाऊ, कोडची प्रिंट बघून एक विचारतो. ती अर्थिंगची पट्टी एका गाडीत ढिली असेल तर कारागिराची चूक. त्याच महिन्यात बनलेल्या दहा गाड्यांत असेल तर कंपनीची. तुमची कुठल्या महिन्यातली?

दालमिल_जळगाव
चॅसिस प्लेटवर फेब्रुवारी आहे. का?

स्टेपनी
माझ्या मेहुण्याची पण तीच गाडी आहे, नंदुरबारला. त्याला गेल्या आठवड्यात चांदसैली घाटात स्क्रीन गेली होती. मीच त्याला म्हटलं होतं की तुला चालवता येत नाही. त्याची प्लेट बघायला सांगतो.

शेवभाजी_स्पेशल
आते कसं वाटस भो? 😀

निवृत्त_एसटी
चांदसैलीला स्क्रीन जाण्याआधी नेटवर्क जातं. मेव्हण्याला सांग, गाडी घरी उभी कर, स्कॅन होईपर्यंत घाटात नेऊ नको.

स्टेपनी
त्याचीही फेब्रुवारीचीच निघाली. वाहन पोर्टलवर तक्रार कशी टाकायची, कुणी लिंक द्या.

पांझरा_वकील
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दालमिलभाऊंनाही पाठवलाय, दोघांनी एकाच दिवशी टाका, कोडच्या प्रिंटसह. आणि चॅसिस नंबर इथे जाहीर लिहू नका.